हाताला हात

आईबापांनी नाव ठेवलं हरिश्चंद्र. बिचाऱ्यांना काय ठाऊक!

राई गावात हरिश्चंद्रशेठएवढा भाविक माणूस दुसरा नाही, असं निदान हरिश्चंद्रशेठचं मत होतं. कपाळभर गंध, गळ्यात माळ आणि गावदेवीच्या देवळाच्या पायरीपायरीवर स्वतःचं नाव. लोक त्या नावावर पाय देऊन देवीला जात. त्यांच्या बायकोला, अंबिकेला, तेवढंच त्यातलं पुण्य वाटे.

गेल्या वर्षी शेठनी खाडीकडे बिल्डिंग उठवली आणि कंपाउंडच्या भिंतीत कृष्णाबाईच्या घराची वाट गिळून टाकली. कृष्णाबाई सत्तरीची, एकटी, मासळी विकून पोट भरणारी. डोक्यावर पाटी घेऊन तिला चिखलातून अर्ध्या तासाचा वळसा पडू लागला. दोनदा पडली, मनगट मोडलं. तिनं तहसीलदारांकडे अर्ज केला, तर शेठनी खुशाल लिहून दिलं की तिथं कधी वाट नव्हतीच. सुनावणी मंगळवारी अकराला होती. त्या वाटेनं चाललेला एक तरी साक्षीदार उभा राहिला नाही, तर वाट कायमची गेली.

आणि शेठना देवीच्या महापूजेचा मुहूर्त सापडला तो मंगळवारीच, सकाळी दहाचा. मागून गावजेवण. ज्यांचं बालपण त्या वाटेवर गेलं ते सगळे जिलेबीच्या वासात डोळे मिटून बसले होते. अशी भक्ती कुत्र्यालाही जमते, असं अंबिकेच्या मनात आलं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. शालू नेसून तीही बसलीच होती की.

"संकल्प आहे," भटजी म्हणाले. "वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा."

तिनं हात पुढे नेला आणि थबकली. हाताला हात लावला की अर्धं पुण्य बायकोचं, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. मग त्याच हातानं केलेल्या खोट्या सहीचं काय? तीही अर्धी आपलीच!

"लाव ना," शेठ कुजबुजले. "लोक बघतायत."

"वाट नव्हती म्हणून लिवून दिलंत ना?" ती मोठ्यांदा म्हणाली.

"पूजेत कसली कोर्टकचेरी काढतेस?"

"देवीपुढं सांगा. वाट होती का न्हाय?"

शेठनी तिच्यावर डोळे वटारले. देवीकडे बघायची मात्र त्यांना हिंमत झाली नाही.

अंबिका पाटावरून उठली. भटजी गांगरले, पण शेठ कसले अडतात! "बायको हजर नसली तर कमरेला सुपारी चालते ना? शास्त्रात हाय." एरवी शास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता, सोयीचं तेवढं तोंडपाठ. त्यांनी सुपारी कनवटीला खोचली आणि संकल्प सोडला. गावानं माना डोलावल्या. तिच्या मागून एकही माणूस उठला नाही.

तिनं नाक्यावरून रिक्षा धरली.

कचेरीत कृष्णाबाई बाकावर एकटीच होती. अंबिकेला बघून ती घाबरून सरकली. शेठची बायको, म्हणजे शेठचीच साक्षीदार असणार.

"वाट होती, हे तुम्हाला कसं माहीत?" साहेबांनी अंबिकेला विचारलं.

"माझी वरात त्याच वाटेनं आयली, सायेब."

"सोबत कोण होतं?"

"नवरा पुढं चालत होता," अंबिका म्हणाली. "हेच, ज्यांनी तुम्हाला लिवून दिलंय."