एकशे सत्त्याऐंशी ओळी

सोमवारी सकाळी हिमानीच्या कॉम्प्युटरमधून टक्-टक् आवाज यायला लागला आणि काम चालू असतानाच पडदा काळा झाला.

बनारसला दूधविनायकच्या गल्लीतल्या वरच्या खोलीत बसून ती नऊ वर्षं बनारसी साड्यांचे नक्शे काढत होती. पडद्यावर एकेक चौकोन भरायचा; एक चौकोन म्हणजे एक धागा. त्या नक्शावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात, आणि ते पत्ते करघ्यावर, म्हणजे मागावर, चढले की नक्षी कापडात उतरते. तिचे चारशे बारा नक्शे त्या एकाच हार्ड डिस्कवर होते.

त्यातला एक तर लगेच हवा होता. मदनपुऱ्यातल्या विणकर सिराजचाचांच्या कारखान्यात पुराचं पाणी शिरून कमळवेलीच्या पदराचे सगळे पत्ते लगदा झाले होते, आणि त्याच पदराच्या अकरा साड्या विणायच्या होत्या. "पत्ते फिर कटवा लेंगे बिटिया, नक्शा तो तुम्हारे पास है ही," असं ते दोनच दिवसांपूर्वी म्हणाले होते.

डिस्क ओढणीत गुंडाळून हिमानी दुर्गाघाटावर देवदत्तकाकांकडे गेली. काका रेल्वेच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झालेले.

"किती वेळा चालू करून पाहिलंस?"

"तीनदा."

"आता बास. आत वाचणारा काटा असतो, तो निकामी होत चाललाय. दर वेळी चालू केलंस की तो आणखी झिजतो. दुसरी प्रत?"

"करणार होते, काका."

काकांनी नुसती तिच्या हातातून डिस्क घेतली. ते रागावले असते तर तिला जास्त बरं वाटलं असतं.

त्यांनी डिस्क दुसऱ्या एका कोऱ्या डिस्कला जोडली, समोर टेबलफॅन लावला आणि तिच्यातलं सगळं जसंच्या तसं पलीकडे उतरवून घ्यायला सुरुवात केली. "ती जिथे अडेल तिथे हट्ट धरायचा नाही. सहज देतेय ते आधी घेऊ. अडलेल्या जागांकडे मागाहून वळू."

पडद्यावर एक लांब पट्टी हिरवी होत गेली. मधेमधे लाल ठिपके राहिले. मंगळवारी, बुधवारी काका त्या ठिपक्यांकडे परत परत वळले; कधी पुढून वाचायचे, कधी मागून. हिमानी शेजारी बसून राहायची. एखादा लाल ठिपका हिरवा झाला की दोघंही "हां!" म्हणायचे.

गुरुवारी दुपारी डिस्क करकरली आणि कायमची थांबली.

"गेली," काका म्हणाले. "पण काय काय देऊन गेली ते बघ."

हिमानीनं एकामागून एक नक्शे उघडले. बुट्टे, वेली, जाळ्या, मोर. चारशे नऊ नक्शे एकही चौकोन न चुकता उघडले. ती खुर्चीतून उठली आणि काकांच्या पाया पडली. उरलेल्या तिनातले दोन जुने होते, त्यांना आता कुणी विचारत नव्हतं. तिसरा होता कमळवेल. तो मध्यापर्यंत उघडला, मग करडा पट्टा, मग पुन्हा नक्षी. तिनं ओळी मोजल्या. एकशे सत्त्याऐंशी ओळी गायब होत्या.

"आता डिस्ककडून काही मिळायचं नाही," काका हळूच म्हणाले.

हिमानी निघाली, पण घर मागे टाकून घाटाघाटानं चालत राहिली. संकठा घाटाच्या पायऱ्यांशी ती थबकली. नक्शा गेला, पत्तेही गेले. पण त्या पत्त्यांवर विणलेली साडी? पहिली साडी तर तिच्याच गल्लीतल्या शरदिनीमावशींनी घेतली होती, नातवाच्या मुंजीसाठी. ती तशीच मागे वळून धावत सुटली.

"मावशी, कमळवेलीची साडी आहे ना? द्याल? फाडणार नाही, फक्त वाचायचीय."

"साडी वाचणार? ये बाई, वाच!" शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या शरदिनीमावशींनी कपाट उघडलं.

पदर उलटा करून त्यांनी खिडकीपाशी पसरला, कारण मागच्या बाजूनं धागे मोकळे दिसतात. मावशींनी भिंग घेतलं, हिमानीनं मांडीवर लॅपटॉप. वेल दोन्हीकडे सारखी असल्यानं अर्धीच ओळ मोजायची होती.

"चार सोड, तीन जर, सहा सोड, एक जर," मावशी सांगत होत्या. "थांब, चुकलं. दोन जर."

शुक्रवार, शनिवार, रविवार. उजेड असेतो मोजायचं, दर दहा ओळींनी ताळा करायचा. रविवारी चार वाजता करडा पट्टा पूर्ण भरला. शेवटची ओळ खालच्या शाबूत ओळीला जाऊन भिडली, धाग्याला धागा! मावशींनी भिंग खाली ठेवून टाळी वाजवली. हिमानीनं आधी दोन प्रती केल्या आणि एक लगेच काकांकडे पोचवली.

पंधरा दिवसांनी नवे पत्ते करघ्यावर चढले. पहिला पदर उतरला तेव्हा सिराजचाचांनी तो दारात उन्हात धरला. हिमानीनं त्यांना सगळं सांगितलं होतं. चाळीस वर्षं विणणाऱ्या त्या माणसानं पदरावरून इंच इंच बोट फिरवलं, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"जोड़ कहाँ है?"

"ढूँढ़िए ना, चाचा."

त्यांनी आणखी एकदा शोधलं. मग हसत हसत आत वळून ओरडले, "अरे, दूसरी साड़ी चढ़ाओ!"