उरलेले पाच दिवस

चोपन्न साली आमच्या इंदिराताईला बघायला सेलूहून चौथं स्थळ आलं, त्या दिवशी वडनेरच्या आमच्या घरात कुणाचंच बूड जाग्यावर नव्हतं. आई सारखी दाराशी जाऊन रस्ता बघत होती. नाना, म्हणजे आमचे वडील, शाळामास्तर. ते टोपी घालत होते, काढत होते. मला या बघणाऱ्यांचा भारी राग. पोहे चापायचे आणि ‘कळवतो’ म्हणून चालू पडायचं. आधीच्या तिघांनी तेच केलं होतं. हेही स्थळ गेलं तर ताई घरातच राहील, या धास्तीनं आईची जेवणावरची वासना उडाली होती. पोहे शेजारच्या मंदाबाईंकडून उसने आणलेले, तेही मोजके. मला त्यातला कणही मिळाला नव्हता.

मुलाचे वडील प्रभाकरराव हे पेन्शनीत निघालेले हेडमास्तर. मुलीला म्हणी-वाक्प्रचार विचारायची त्यांना मोठी हौस. त्यांनी आमच्या भिंती पाहिल्या, छप्पर पाहिलं आणि म्हणाले, “सांग, अठरा विश्वे दारिद्र्य म्हणजे काय?”

नानांचा चेहरा उतरला. जखमेवर मीठ चोळणं म्हणतात ते हेच.

“विश्वे म्हणजे वीस,” ताई खाली बघत म्हणाली. “अठरा विसे तीनशे साठ. वर्षाचे सारे दिवस गरिबी.”

“वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट. बाकीचे पाच कुठं गेले?”

ताईनं मान वर केली. “ते पाच दिवस पाहुणे येतात.”

मुलगा खुदकन हसला. आईनं कपाळाला हात लावला. झालं, गेलं हेही! नाना “पोर आहे, चुकली...” असं काहीतरी पुटपुटू लागले.

“काऊन चुकली?” इतका वेळ गप्प बसलेल्या मुलाच्या आई, प्रमिलाबाई, बोलल्या. “खरं तेच बोलली. मी यांच्या घरी लग्न होऊन आली, तवा आमच्याकडे ते पाचही नव्हते. पाहुणाच येत नव्हता.”

प्रभाकररावांचे कान लाल झाले.

प्रमिलाबाई ताईकडे वळल्या. “मले तू पसंत आहे. आता तू सांग, तुले आमचं घर चालते का? सासऱ्याच्या जिभेसकट?”

तीन स्थळं येऊन गेली, पण हे ताईला कुणी विचारलं नव्हतं. आम्हीसुद्धा नाही. तिला रडूच फुटलं, आणि रडता रडताच तिनं मान डोलावली. नाना पाणी आणतो म्हणून आत गेले, ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.