मनगट सैल सोड

दादाचा उजवा हात दिसायला अगदी धडधाकट होता, आणि तिथेच सगळी पंचाईत होती. पाची बोटं जागच्या जागी, मनगटावर फक्त एक पांढुरका वळ. बघणाऱ्याला वाटे, यात एवढं तोंड पाडून बसण्यासारखं काय आहे? पण पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात तो हात यंत्राच्या दोन रुळांमध्ये सापडला होता. डॉक्टरांनी हाडं जोडून दिली, बोटांतली जाणीव काही परत आली नाही. चहाचा कप गरम आहे की गार, हे त्याला डाव्या हाताला विचारावं लागे. मालकाने मोठे उपकार केल्याच्या थाटात त्याला गेटवर बसवलं. ट्रक आला की दांडा वर, ट्रक गेला की दांडा खाली, एवढंच काम.

आईला वाईट वाटलं ते पोराच्या हाताचं. दादाचं दुःख निराळं होतं. तो डीजे होता. स्पीकर भाड्याने देऊन लोकांना नाचवणारा नव्हे. तसं कोणी म्हटलं की त्याचं डोकंच फिरे. तो स्क्रॅच करायचा. उजव्या हाताच्या बोटांनी फिरती रेकॉर्ड मागेपुढे घासायची, डाव्या हाताने मिक्सरवरचा फेडर, म्हणजे आवाज उघडणारी-मिटणारी ती सरकती खुंटी, चालवायची, आणि कुणाच्या तरी गाण्यातला एखादा शब्द घेऊन त्याला भलतंच काही बोलायला लावायचं. अपघाताच्या आधी त्याने असा एक तुकडा बसवला होता. तीनेक मिनिटांचा. तो त्याने कोणाला ऐकवला नव्हता, टेप करून ठेवला नव्हता. अजून साफ येत नाही, म्हणायचा. मग हात गेला आणि तुकडा डोक्यात राहिला. डोक्यात राहिलेल्या वस्तूला ना धूळ लागते ना गंज, त्यामुळे तो तिथे वर्षागणिक जास्तच देखणा होत गेला.

हात बदलून पाहिला का, असं विचारणारे शहाणे बरेच भेटले. पाहिला होता. डावा हात रेकॉर्डवर नेला की उजवा फेडरवर येई, आणि फेडरचं सगळं काम अंगठ्याचं. अंगठा एका बाजूने अलगद रेटून धरायचा आणि दुसऱ्या बाजूने बोटांनी टिचक्या मारायच्या. ज्या अंगठ्याला आपण कशाला टेकलोय हेच कळत नाही, तो काय रेटणार? महिनाभर खटपट करून दादाने हात टेकले आणि रेकॉर्ड फिरवणाऱ्या मशीनवर चादर टाकली.

ती चादर धाकटीने काढली. धाकटी म्हणजे त्याची बहीण. पस्तिशीला आली तरी घरात नाव धाकटीच. हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुणाऱ्या मोठ्या लाँड्रीत ती वाफेच्या इस्त्रीवर उभी असे. एका संध्याकाळी कामावरून आली, पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "दादा, मला शिकव. तू बोल, मी हात चालवते."

"तुला कशाला नसत्या उठाठेवी?"

"घरात एक चांगला हात आहे तो वापर की. माझा काय, तुझा काय."

दादा उठला. न्हाणीघरात जाऊन बराच वेळ तोंड धूत बसला.

शिकवायला बसल्यावर मात्र त्याने तिची अजिबात गय केली नाही. मशीन आईच्या पलंगाला लागून, जुन्या ड्रेसिंग टेबलावर मांडलेलं. धाकटी उभी, दादा स्टुलावर, आणि पलंगावर आई, टीव्हीचा आवाज मुद्दाम वाढवून.

"तळवा उचल. बोटांची टोकं टेकव. मधलं लेबल सोडून, इकडे, कडेच्या बाजूला."

"टेकवली."

"टेकवली नाहीस, दाबलीस. बघ, सुई उडाली."

"सुईवर एखादं नाणं ठेवलं तर?"

"ठेव. आणि मग रेकॉर्डवर नांगर फिरव."

आई पलंगावरून म्हणे, "घरात उंदीर झालेत म्हणून मी ओरडत होते, तर आता पोसायलाच घेतले."

दोष धाकटीचा नव्हता. दिवसभर खांद्याचा भार टाकून ओल्या चादरीवर इस्त्री दाबायची आणि संध्याकाळी त्याच हाताने म्हणायचं, बाई गं, आता पिसासारखी हो. हाताला कुठून कळणार? तो दाबायलाच शिकलेला. दादाने रेकॉर्डखालच्या फेल्टच्या चकतीखाली गुळगुळीत कागद कापून घातला, म्हणजे रेकॉर्ड जरा मोकळी सरकेल. तरी धाकटीचा हात पडला की खालची फिरती थाळीच गुदमरून मंदावे. रविवारी सुट्टी झाली की सोमवारी हात बरा असे आणि आठवडा सरता सरता पुन्हा पाटा-वरवंटा.

"पुढे ढकलू नकोस. नुसती सोड. पुढे न्यायचं काम मशीनचं आहे, तुझं नाही."

"सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं?"

"काहीच नाही करायचं."

"तेच तर येत नाही मला, दादा," ती म्हणाली, आणि दोघंही हसले. त्या खोलीत हसण्याचे प्रसंग मोजकेच आले, त्यांतला हा एक.

मग त्याने युक्ती काढली. आपला डावा हात पालथा पुढे करायचा आणि त्यावर तिला बोटं चालवायला सांगायची, म्हणजे भार किती पडतोय ते त्याला कळे. "जड. जड. अजून जड. मनगट सैल सोड, कोपर खाली पाड, श्वास कशाला कोंडलायस?" ती भाजी निवडताना पातेल्याच्या झाकणावर बोटं चालवी, बसमध्ये मांडीवर चालवी. लाँड्रीतला एक बिलं बनवणारा माणूस तिला सिनेमाला चल म्हणून विचारून विचारून दमला आणि शेवटी दुसरीला घेऊन गेला. "सुटला बिचारा," असं धाकटी आईला म्हणाली खरी, पण त्या दिवशी तिने सरावाला सुट्टी मागितली. दादाने दिली नाही.

तुकडा शिकवतोय असं मात्र त्याने तिला सांगितलं नव्हतं. ही त्याची खास चाल होती. नुसतं नाव काढलं तरी तिचा हात दगड होईल, हे तो ओळखून होता. म्हणून त्याने तुकड्याचे लहान लहान भाग पाडले आणि सरावाचे धडे म्हणून तिच्या पुढ्यात टाकले. त्यांना नावंही थट्टेची दिली. एकाचं नाव शिंक, एकाचं कुरकुरतं दार, एकाचं उचकी. आज शिंक पक्की कर, उद्या दाराकडे बघू. मधूनच ती विचारी, "आणि तुझा तो तुकडा कधी रे?"

"हात तयार झाला की."

तिच्या दृष्टीने तो तुकडा म्हणजे काहीतरी अचाटच होतं. जे मिळवायला भावाने सगळं आयुष्य पणाला लावलं, ते या शिंका-उचक्यांच्या फार पलीकडे कुठेतरी असणार. लाँड्रीतल्या बायकांना ती सांगे, आमच्या दादाचा एक तुकडा आहे, अजून मलाच ऐकवला नाहीये त्याने.

दुसऱ्या वर्षी तिच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. सकाळी उठली की अंगठा आणि शेजारची दोन बोटं झोपलेली. डॉक्टरांनी मनगट वाकवून पाहिलं, म्हणाले, नस दबतेय, इस्त्रीवरून सुट्टी घ्या आणि हाताला आराम द्या. इस्त्रीवरून सुट्टी घेतली तर घर कसं चालणार? गेटवरच्या दांड्यावर तिघं जगत नाहीत. राहिला सराव. तेवढा बंद करायचा की नाही, हे ठरवायचं दादाच्या हाती होतं. बोटांतून जाणीव जाते म्हणजे काय, हे त्या घरात त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याने सराव चालूच ठेवला. थोडंच उरलंय, एवढं होऊ दे, मग थांबवू, असं त्याने स्वतःला समजावलं. आईने एकदा त्याच्याकडे रोखून पाहिलं, तेव्हा तो चप्पल घालून बाहेर निघून गेला.

आणि हात खरंच हलका झाला. कधी झाला ते कळलंही नाही. दादाच्या पालथ्या हातावरून एका संध्याकाळी तिची बोटं फिरली आणि त्याला क्षणभर वाटलं, डावाही हात मेला की काय. भार जाणवतच नव्हता. "हां," तो म्हणाला. "हे. हेच."

रविवारी दुपारी आई शेजारणीकडे गेली होती. दादाने खिडकी लावून घेतली, स्टूल भिंतीशी नेलं आणि म्हणाला, "आज सगळे धडे एकापाठोपाठ वाजव. आधी शिंक, मग दार, उचकी, पुन्हा दार, मी सांगितलंय त्या क्रमाने. मधे थांबायचं नाही."

"परीक्षा का?"

"तसंच समज."

तिने बोटं झटकली, रेकॉर्डवर चिकटवलेल्या पट्टीची खूण सुईसमोर आणली आणि सुरुवात केली. मनगट सैल, कोपर खाली. बोटं येत होती, सोडत होती. डावा अंगठा फेडरला टेकलेला, त्यावर टिचक्या अशा बारीक की नजर ठरेना. सुई एकदाही उडाली नाही. इतक्या वर्षांत डोक्यात जसा वाजत आला तसाच, केसाचाही फरक नाही, दादाचा तुकडा पहिल्यांदाच त्या खोलीत वाजला.

दादा वाट बघत होता. आता अंगावर काटा येईल, आता घसा दाटेल. दार गेलं, उचकी गेली, पुन्हा दार आलं. त्याला वाटलं स्पीकरच कुठेतरी कमी पडतोय. मग वाटलं खोली लहान आहे. स्वतःलाच काहीतरी होतंय असंही वाटलं, म्हणून त्याने डोळे मिटून घेतले आणि पुन्हा कान लावला. ऐकायला नीटनेटकं होतं. असं नीटनेटकं वाजवणारे त्याच्या जुन्या गोतावळ्यातच पाचसहा जण होते आणि त्यांच्यासाठी तो कधी जागचा उठला नव्हता. तो धडपडून पुढचं काही शोधत राहिला, तेवढ्यात तुकडा संपला.

धाकटीने फेडर मिटला. घामाघूम झाली होती आणि चेहरा आनंदाने फुलून आला होता. इतकी आनंदी ती कित्येक दिवसांत दिसली नव्हती.

"एकदाही चुकले नाही, दादा! बघितलंस ना?"

"बघितलं."

"झाला ना मग हात तयार?"

"झाला."

"चला, सुटले एकदाची या शिंका-उचक्यांतून!" ती म्हणाली. झोपलेली बोटं डाव्या हाताने चोळत ती त्याच्यासमोर पलंगाच्या कडेवर येऊन बसली. "आता तुझा तो खरा तुकडा काढ. कधीपासून सुरू करायचा?"

दादाने तिच्या चोळल्या जाणाऱ्या बोटांकडे पाहिलं. खरं सांगायला त्याने तोंडही उघडलं.

"उद्यापासून," तो म्हणाला.