पान सातवरची जाहीर सूचना

चिमीचा आवाज तिच्या मापाचा नव्हता. अंगानं काडी, उंची बेताची. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असूनही बसमध्ये लोक तिला "बाळ, सरक जरा" म्हणायचे. पण तिनं तोंड उघडलं की पलीकडच्या फुटपाथवरची माणसं वळून बघायची. याला जबाबदार तिची आई. आईचं कपडे अल्टर करायचं दुकान होतं, खोली एक आणि मशीन चार. त्या चार मशीनींच्या घरघरीवर आवाज चढवून चिमी रोज सकाळी पेपर वाचून दाखवायची, तेही सातवीत असल्यापासून. असा आवाज काय आपोआप येतो होय?

शिवणाऱ्या बाईचे हात कापडात असतात आणि डोळे सुईवर. रिकामे राहतात ते फक्त कान. म्हणून या दुकानात वाचून दाखवायची पद्धत पडली ती पडलीच. चिमी दाराजवळच्या स्टुलावर बसायची, दार सताड उघडं ठेवून, कारण ऐकणारे फक्त आत नव्हते. शेजारचे सलूनवाले काका वस्तरा धरल्या धरल्या ऐकायचे. समोरचे घड्याळवाले आजोबा डोळ्याला भिंग लावून ऐकायचे. अख्ख्या गल्लीत सत्तावीस दुकानं, आणि निम्म्या गल्लीला जगात काय चाललंय ते चिमीच्या तोंडून कळायचं. उरलेल्या निम्म्या गल्लीला ते पहिल्या निम्म्याकडून कळायचं. महिन्याच्या महिन्याला सगळे तिच्या हातावर थोडे थोडे पैसे ठेवायचे. ‘वाचनाचे पैसे’ म्हणायचे त्याला.

नियम एकच होता. बातमीसाठी मशीन थांबवायची नाही. काम ते काम. पण एखादीची मशीन थांबलीच, तर ती बातमी मोठी, हे न सांगता ठरलेलं होतं. काज-बटणाचं काम करणारी काजमावशी कुणाचं लग्न मोडल्याच्या बातमीला हमखास थांबायची. बाकीच्या दोघी अपघाताला थांबायच्या, पगारवाढीला थांबायच्या. आईची मशीन मात्र कधीच थांबली नव्हती. सरकार पडलं, आई म्हणाली, "पुढचं वाच." यान चंद्रावर उतरलं, आई म्हणाली, "बरं झालं, पुढचं वाच." तिच्या सख्ख्या भावाचा पोहण्याच्या स्पर्धेतला फोटो पेपरात छापून आला, तेव्हा तिनं मान तिरकी करून "बारीक झालाय" एवढं म्हटलं आणि बाही जोडत राहिली. चिमीला यशाची दुसरी कुठलीच व्याख्या पटत नव्हती. परीक्षेत पहिली येणं वगैरे ठीक आहे. आपण काहीतरी वाचावं आणि आईचा पाय पायडलवरून उचलला जावा, हे खरं.

आता तिचा दुर्गुण सांगायला हवा, नाहीतर सगळं कौतुकच होऊन बसेल. चिमीला बातम्या सोसवायच्या नाहीत. वाचताना आवाज खणखणीत, पण वाचून झालं की पोटात खड्डा पडायचा. कुठे युद्ध, कुठे पूर, नोकऱ्या नाहीत, जे शिकतोय ते आणखी पाच वर्षांनी यंत्रं करणार. आणि पोटात खड्डा पडला की ती काहीतरी विकत घ्यायची. धूमकेतू येणार म्हणून वाचलं, तर दुर्बीण घेतली. धूमकेतू ढगात गेला आणि दुर्बीण माळ्यावर. वीज तोडणार म्हणून वाचलं, तर बारा मोठ्या मेणबत्त्या. शिक्षकांच्या संपाची बातमी वाचून इतका जोर चढला, की तिनं हातात धरायचा भोंगा घेतला, लाल रंगाचा, पट्ट्यासकट. संप दुसऱ्या दिवशी मिटला. सायकलवर घालायचा रेनकोटही तिच्याकडे होता. सायकल नव्हती.

"बये, तुला बातमी वाचता येते, पचत नाही," आई म्हणायची.

"जग बुडणारच असेल तर पायात चांगले बूट तरी असावेत," चिमी एकदा फाडकन म्हणाली होती, आणि बोलल्याप्रमाणे वागायची तिला खोडच होती.

त्या सोमवारी पेपरात एकही धड बातमी नव्हती. चिमी पान सातवर आली आणि अर्ध्या पानभर बुटांची जाहिरात दिसली. तपकिरी, घोट्यापर्यंतचे, बाजूला चेन. सेलचे शेवटचे दोन दिवस. पान सातवर बाकी नेहमीचा कंटाळा होता, बारीक अक्षरातल्या सूचना, हरवले-सापडले, नावात बदल. "पान सातवर काही नाही," तिनं जाहीर केलं आणि खेळाचं पान उघडलं. संध्याकाळी बूट घरात आले. वाचनाचे पैसे हातात पडून जेमतेम चार दिवस झाले होते.

आणि बूट घट्ट निघाले. तिच्या मापाचे संपले होते, तरी तिनं आणलेच होते. गुरुवारपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले. शुक्रवारी कॉलेज दुपारचं होतं, तेव्हा बाराच्या सुमाराला ती दुकानाच्या वरच्या खोलीत जुने पेपर चुरगाळून बुटांत कोंबत बसली. असं दोन दिवस ठेवलं की चामडं सैल होतं म्हणतात. डावा बूट भरला. उजव्यासाठी सोमवारचा पेपर हाती लागला. पान सातवरच्या त्या बुटांच्या जाहिरातीकडे तिनं रागानं बघितलं. आणि जाहिरातीच्या अगदी कडेला, चार ओळींची, चौकटीतली सूचना तिला दिसली.

जाहीर सूचना होती ती. त्यांच्याच गल्लीचं नाव होतं. सर्व दुकानमालकांनी आपला जुना परवाना घेऊन शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत कार्यालयात स्वतः हजर राहावं. न आल्यास परवाना रद्द समजण्यात येईल. कार्यालयानं पत्र पाठवलं नव्हतं, माणूस पाठवला नव्हता. पेपरात छापलं, की त्यांची जबाबदारी संपली.

आज शुक्रवार. घड्याळात बारा वीस.

पहिला विचार जो आला तो काही शोभणारा नव्हता, पण आला खरा. खाली जाऊन फक्त आईच्या कानात सांगायचं. नाहीतर तारखेचा वरचा कोपरा फाडायचा आणि ‘आत्ताच हाती लागला’ म्हणायचं. कोणाला कळणार होतं? तिनं कोपऱ्यावर बोट ठेवलंसुद्धा. मग तिला सलूनवाले काका आठवले. वाचनाचे पैसे देताना ते दर वेळी म्हणायचे, "आम्हाला काय, चिमीनं वाचलं म्हणजे झालं. तिनं नाही वाचलं ते घडलंच नाही!" इतके दिवस या वाक्यानं तिची कॉलर ताठ व्हायची. आज तेच वाक्य तिच्या छातीवर बसलं. तिनं कोपऱ्यावरचं बोट उचललं.

तिनं माळ्यावरून लाल भोंगा ओढून काढला, आईच्या जुन्या चपला पायात सरकवल्या आणि चार चार पायऱ्या उतरत गल्लीच्या मधोमध येऊन उभी राहिली. भोंगा तोंडाला लावला. बटण दाबलं. भोंग्यानं हूं की चूं केलं नाही. सेल घालायचे राहिले होते. सेल वेगळे विकत घ्यावे लागतात, आणि ते घेण्याआधीच संप मिटला होता.

"मरू दे मेला!" म्हणून चिमीनं भोंगा काखेत मारला आणि पोटातून आवाज काढला.

"गल्लीतले सगळे ऐका! ही सोमवारच्या पेपरातली सूचना आहे! मी वाचली नाही! माझी चूक आहे! आज दोनपर्यंत परवाना घेऊन कार्यालयात गेलं नाही, तर दुकान बंद होईल!"

मग तिनं सूचना शब्दन्‌शब्द वाचली. गल्लीच्या तोंडाशी एकदा, मध्यावर एकदा, शेवटाला एकदा. चार मशीनींवरून जाणारा आवाज तो. उघड्या गल्लीत त्याला अडवायला काय होतं? खिडक्या उघडल्या. सलूनवाले काका अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक खुर्चीत तसंच टाकून बाहेर आले. कोणी ट्रंका उघडल्या, कोणी देवाचं नाव घेतलं, कोणी चिमीचं घेतलं आणि ते काही प्रेमानं नव्हतं. "चार दिवस काय करत होतीस गं?" एक जण ओरडला. चिमी म्हणाली, "बूट घेत होते!"

आणि आई? आईनं हातातल्या पँटची दुमड शेवटपर्यंत शिवली, दोरा तोडला, सुई वर केली आणि मगच कपाटातून परवाना काढला. जाताना लेकीकडे तिनं बघितलंही नाही. चिमीला ते फोडांपेक्षा जास्त झोंबलं.

कार्यालय वीस मिनिटांवर होतं. दीडच्या आत खिडकीसमोर गल्ली रांगेत उभी होती. चिमी रांगेच्या बाजूनं फिरत मोजत होती. सव्वीस. पुन्हा मोजले, सव्वीसच. घड्याळवाले आजोबा नव्हते. त्यांना परवाना सापडायला वेळ लागला होता, आणि गुडघ्यांमुळे चालायलाही लागणार होता. रांग सरकत गेली, सव्विसावा शिक्का पडला. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले आणि कारकुनानं खिडकीची फळी खाली ओढायला घेतली. तेवढ्यात लांब कॉरिडॉरच्या टोकाला आजोबांची काठी दिसली.

"थांबा!" चिमी म्हणाली.

म्हणाली म्हणजे काय, छताचा पंखा हलला असेल. कारकुनाच्या हातातली फळी जागच्या जागी राहिली. आतल्या टेबलांवरची माणसं उठून उभी राहिली. त्या शांततेत आजोबा ठक ठक करत आले, खिशातून साखळीचं घड्याळ काढलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून त्यांनी नाक मुरडलं.

"साहेब, तुमचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे."

कारकुनानं स्वतःच्या मोबाईलमध्ये पाहिलं. एक सत्तावन्न. त्यानं मुकाट्यानं शिक्का उचलला. मग चिमीकडे बोट करून विचारलं, "या बाई कोण?"

रांगेतली सगळी माणसं अजून तिथेच होती. तासाभरापूर्वी तिला शिव्या घालणारा पुढे होऊन म्हणाला, "आमची आहे." बाकीच्यांनी माना डोलावल्या. सलूनवाल्या काकांची तर छाती अशी फुगली होती, जणू आवाज त्यांनीच शिकवला होता. चिमीचे डोळे भरून आले, ती दुसरीकडे बघू लागली, आणि आई परवाना पिशवीत ठेवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमी पेपर घेऊन दुकानात आली, पण स्टुलावर बसली नाही. रात्रभर तिनं एकच विचार केला होता. सगळं निभावलं खरं, पण निभावलं ते नशिबानं. बूट बरोबर मापाचे असते, तर आज या खोलीला कुलूप असतं. काल रांगेत ‘आमची’ म्हणाले तो त्यांचा मोठेपणा. तिनं पेपर आईच्या मशीनवर ठेवला.

"आजपासून दुसऱ्या कोणाला सांग," ती म्हणाली. "मला गाळून वाचायची सवय आहे. मला जे आवडत नाही ते मी वाचतच नाही. परत असं झालं तर?"

मशीनी चालूच होत्या. काजमावशी काही बोलायला गेली आणि गप्प बसली. चिमीनं देऊन टाकलेले ते तपकिरी बूट कालपासून तिच्याच पायात होते, तिला चपखल बसले होते, त्यामुळे तिला बोलायची पंचाईत होती.

आईनं पेपर उचलून परत लेकीच्या हातात दिला.

"गाळलंस, ते गल्लीभर ओरडून सांगितलंस," आई म्हणाली. "मी असते तर तारखेचा कोपरा फाडला असता. बस तिथे."

आणि आईनं पायडलवरचा पाय काढला.

चिमीला आधी कळलंच नाही काय बदललं ते. मग काजमावशीची मशीन थांबली, मग बाकीच्या दोन. सहा-सात वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत बाहेरच्या रस्त्याचा आवाज ऐकू आला.

"अगं, मशीन का थांबवलीस? अजून काही वाचलंच नाही मी."

"नीट ऐकायचंय," आई म्हणाली. मांडीवर हात ठेवून ती सरळ बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिला लपवायचं नव्हतं. "माझी लेक वाचतेय."

चिमी स्टुलावर बसली. येताना तिनं एक लाल पेन्सिल विकत घेतली होती, वाचलेल्या प्रत्येक चौकटीवर खूण करायला. आईनं पेन्सिलीकडे बघितलं आणि भुवई वर केली. चिमीनं पहिलं पान सोडलं, खेळाचं सोडलं आणि पान सात उघडलं.

"जाहीर सूचना," तिनं सुरुवात केली. "पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीसाठी बुधवारी सकाळी..."

समोरून घड्याळवाल्या आजोबांनी भिंग काढून मान वर केली. सलूनवाले काका वस्तरा हातात धरून दारात आले. मशीनी बंद होत्या, हळू वाचलं असतं तरी सगळ्यांना ऐकू गेलं असतं. पण चिमीला दुसऱ्या आवाजात वाचताच येत नव्हतं.