हलव्यातला उजेड

"मामू, मी गाल्याच्या गॅरेजातच अडकलो हाय. मिस्त्रीनं रेडिएटर खोलून ठेवलाय. अंधार पडायच्या आधी काय येत नाय."

मुनीरने फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला होता. दोन्ही हात पळीच्या लांब दांड्यावर होते.

"अरे झुबेर, हंडा चुलीवर हाय! कवाचा घोटतोय मी."

"मग मी येईपर्यंत उतरवू नका."

"उतरवू नको तर काय, जाळू?"

पलीकडे गॅरेजमधली ठोकाठोकी ऐकू येत होती. झुबेर गोंगाटापासून जरा बाजूला गेला. मग म्हणाला, "मामू, अर्बाबला एकदाचं सांगून टाका. मी तरी किती दिस खोकू?"

मुनीरने मान हलवून फोन बाजूच्या गोणीवर पाडला आणि पळी फिरवत राहिला.

मस्कतजवळ सीबच्या जुन्या बाजारात, मासळीच्या गाळ्यांमागे, हमूद अर्बाबचं, म्हणजे मुनीरच्या मालकाचं, हलव्याचं दुकान होतं. पुढे गिऱ्हाईक, मागे गॅसची चूल. मिसरूड फुटलेलं असताना मुनीर रत्नागिरीच्या खाडीकाठचं गाव सोडून या चुलीपाशी आला आणि इथेच म्हातारा झाला. साखर, खळ, तूप, केशर, गुलाबपाणी एका तांब्याच्या हंड्यात घालायचं आणि घोटत राहायचं. बराच वेळ तो नुसता गढूळ लगदा असतो. मग एका क्षणी त्यात उजेड शिरतो. कडेला तूप सुटतं, पळीवरून ओघळणाऱ्या धारेतून पलीकडचा जाळ दिसायला लागतो. तेव्हाच हंडा उतरवायचा. आधी उतरवला तर हलवा दाताला धरतो, नंतर उतरवला तर चामड्यासारखा होतो.

हा उजेड मुनीरला आता दिसत नव्हता. ज्या साखरेवर त्याने संसार उभा केला, तीच रक्तात भिनली आणि डोळ्यांच्या पडद्यांवर जाऊन बसली. कुरुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं होतं, गेलं ते परत येणार नाही, आहे ते सांभाळा. आहे ते म्हणजे कडेकडेचं थोडं धुकं. समोर माणूस उभा आहे एवढं कळे, चेहरा कळत नसे. चव घेऊन बघावं, तर गावाहून बायकोने, हाफिजाने, फोनवरून कुराणाची शपथ घातलेली. हाताला हलव्याचा जडपणा कळायचा, पण हात आता असे थकले होते की सगळंच जड लागायचं.

म्हणून त्याने भाच्याशी संधान बांधलं होतं. हलवा झाला की झुबेर खोकायचा. मुनीर डौलात म्हणायचा, "खलास!" आणि हंडा उतरायचा.

आणि आज नेमका अर्बाबच्या नातीच्या लग्नाचा हंडा होता. म्हाताऱ्याने चारचौघांत सांगून ठेवलं होतं, हा हलवा मुनीरच्या हातचा. हा बिघडला तर लग्नघरी अर्बाबची मान खाली जाणार होती. सांगून टाकावं? सांगितलं तर काम सुटणार, आणि मग गाव. गावच्या घरात पाण्याचा तांब्या कुठे ठेवतात हेही त्याला ठाऊक नव्हतं.

"काका, आत येऊ?"

आवाजावरून त्याने ओळखलं. मधुवंती. मस्कतमधली मराठी माणसं दिवाळीला एक छोटासा अंक काढत, त्याचं काम ही बघायची. यंदा अंकाचा विषय होता 'गोडवा आणि उजेड'. अर्बाबची परवानगी तिने मागच्या आठवड्यातच घेतली होती.

"या ताई. लांबूनच बोला, उडतो हा."

"दोनच प्रश्न विचारते. तुमच्या दृष्टीने गोडवा म्हणजे काय?"

"डॉक्टरनं बंद केलेली चीज."

ती खळखळून हसली. "आणि उजेड?"

"तो पण."

तिला वाटलं, हीसुद्धा थट्टाच. तिने मोबाईलवर फोटो काढला आणि त्याच्यासमोर धरला. "बघा, कसा आलाय."

मुनीरने डोळे बारीक केले. "बेस आलाय. पण दाढी लय पिकलेली दिसते."

तिने मोबाईल खाली घेतला. मग हळूच म्हणाली, "काका, हा हंड्याचा फोटो आहे."

पळी फिरतच राहिली. पुढच्या बाजूला अर्बाब कुणाशी तरी मोठमोठ्याने बोलत होता. मुनीरला एकदम फार दमल्यासारखं झालं.

"ताई, अर्बाबला हिंदी येते, मराठी नाय येत. तवा मराठीतच बोला, आणि जरा हसऱ्या तोंडानं."

"बरं," ती म्हणाली. हसली असावी.

"मना दिसत नाय. आज या हंड्यापुरते तुमचे डोळे द्या. मी पळी उचलतो. धार कशी दिसते तेवढं सांगा."

"मला हलव्यातलं काही कळत नाही हो!"

"कळायला मी हाय की. तुम्ही बघा."

त्याने पळी वर उचलली.

"ब्राऊन आहे," ती म्हणाली.

"ब्राऊन तर तो मघापासून हाय. तुम्ही लिवणारी माणसं ना? नीट बघून सांगा."

"दूध घातलेल्या चहासारखा."

"मग वेळ हाय."

त्याने घोटलं. पुन्हा उचलली.

"आता काकवीसारखा. पण गढूळ. तळ ढवळल्यासारखा."

"अजून नाय."

"मुनीर!" पुढून हाक आली. "खलास?"

"थोडा और, अर्बाब!"

मधुवंतीने ओढणी खोचली आणि चुलीच्या जवळ आली. प्रश्न विचारायचे आहेत हे ती विसरली होती. दर वेळी पळी वर गेली की ती वाकून बघायची, एक शब्द उचलायची, स्वतःच टाकून द्यायची. मध. नाही, मध नाही. तेलाचा तवंग? तोही नाही. मुनीर डोळे मिटून ऐकत होता. मिटले काय नि उघडे ठेवले काय. दंड भरून आले होते. बाईने चुकीचा शब्द उचलला तर लग्न बुडालं, हे त्याला दिसत होतं, तेवढं स्वच्छ दिसत होतं.

"काका, थांबा," ती म्हणाली. "माझ्या आईच्या चष्म्याची फ्रेम होती, तपकिरी. उन्हात धरली की भिंतीवर तांबूस डाग पडायचा. तसं झालंय. अगदी तसं."

"पलीकडचा जाळ दिसतो?"

"दिसतोय. हलतोय त्यातून."

"कडेला?"

"तूप. चकाकतंय."

"बस!" मुनीरने गॅस बंद केला आणि गळा ताणून ओरडला, "खलास!"

अर्बाब काठी टेकत आत आला. त्याने हलव्यात तीन बोटं बुडवली, भाजली म्हणून शिवी हासडली, बोटं चाटली. "माशाल्ला," तो म्हणाला. "माशाल्ला, मुनीर."

मधुवंती मुनीरकडे बघत होती. गप्प राहिला असता तर चाललं असतं. हंडा निभावला होता, आणि उद्या खोकायला झुबेर होता. मुनीरने पळी हंड्याच्या कडेला टेकवून ठेवली.

"अर्बाब, ये मेरा आखरी हंडा. आँख चली गयी है मेरी."

अर्बाब बोटं पुसत राहिला. "मालूम है."

"कब से?"

"जब से झुबेर खाँसता है. पहले मैं बोला, इसको टीबी है. दवाखाना लेके जाने वाला था."

मधुवंतीला हसू फुटलं आणि तिने ते ओढणीत दाबलं. मुनीरही हसला, पण ते पुरतं ओठांवर आलं नाही.

"तो आप बोले क्यों नहीं?"

"आँख तेरी है," अर्बाब म्हणाला. "मैं कैसे बोलूँ?"

त्याने मुनीरचा दंड धरला आणि त्याला पुढे नेलं, गिऱ्हाइकांच्या गादीच्या बाकावर बसवलं. इतक्या वर्षांत मुनीर त्या बाकावर कधी टेकला नव्हता. अर्बाबने गरम हलव्याची वाटी पुढे सरकवली, मग काय आठवलं, मागे ओढून घेतली. "तेरी बीवी मेरेको बद्दुआ देगी." आणि कॉफीची सुरई उचलली.

मधुवंती निघाली होती. ती बाकापाशी थांबली. "काका, अंकात मी काय लिहू?"

"लिवा, हलवा चांगला झाला."

ती गेल्यावर दुकानात शांत झालं. या मुलखात पाहुण्याला कॉफी देतात ती अशी: इवलासा कान नसलेला कप, कडू कॉफी, आणि पाहुणा कप हातात हलवून पुरे म्हणत नाही तोवर घरधनी ओततच राहतो. मुनीरने पहिला कप संपवला आणि पुढे केला. अर्बाबने भरला. तोही संपवला. बाहेर मासळीवाले गाळे धूत होते, पाणी रस्त्यावरून वाहत असल्याचा आवाज येत होता. कप हलवला की उठायचं, उठलं की सामान बांधायचं.

त्याने रिकामा कप पुढे केला आणि हात अजिबात हलू दिला नाही. अर्बाबने काठी बाकाला टेकवली, दुसऱ्या हाताने मुनीरचं मनगट धरलं, आणि पुन्हा ओतायला लागला.