गुरुवारची तारीख

मंगळवारी दुपारी लेस्टरला जामीन मंजूर झाला आणि मी आमच्या वकीलबाईंना म्हटलं, "दोन दिवस थांबूया."

श्वेतामॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. नवरा अकरा महिने तुरुंगात, बोरिवलीहून येऊन कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या मी, आणि आता मीच थांबा म्हणत होते. "यव्होन, डोकं ठिकाणावर आहे ना? जामीनदार तयार, कागद तयार. उद्या संध्याकाळी माणूस घरी!"

डोकं ठिकाणावर होतं. लेस्टरचा डावा डोळा साखरेच्या आजाराने तुरुंगातच गेला होता आणि उजवाही चालला होता. तुरुंगाच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिल्यावर अडीच महिन्यांनी सरकारी रुग्णालयातून ऑपरेशनची तारीख आली, याच आठवड्यातला गुरुवार. सुटला तर हीच तारीख चालेल का, हे मी रुग्णालयाच्या खिडकीवर आधीच विचारून आले होते. आतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "कैद्याची तारीख कैद्यालाच. बाहेरून आला तर नवा केसपेपर, नवी रांग. ऑगस्टमध्ये बघा." एप्रिल चालू होता तेव्हा.

बुधवारी भेटीला गेले आणि लेस्टरला सगळं सांगितलं. काचेपलीकडून आधी म्हणाला, "केस किती पांढरे झाले गं तुझे!" मग म्हणाला, "तुला बरोबर वाटतं ना? मग झालं तर." चहात साखर किती यावरून भांडणारा हा माणूस, नेमका त्या दिवशी शहाण्यासारखा वागला. भांडला असता तर मी ऐकलं असतं.

गुरुवारी आठ वाजता मी डोळ्यांच्या वॉर्डाबाहेर बाकावर बसले. त्याचं नाव तीनदा पुकारलं. तिन्ही वेळा मीच "येतोय, येतोय" म्हटलं. साडेबाराला श्वेतामॅडमचा फोन आला. कैदी तयार होता, गाडी उभी होती, पण सोबत द्यायला पोलीस नव्हते. कुणाची तरी सभा होती, सगळे तिथे बंदोबस्ताला.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वयाने लहानच. "तुमच्या पेशंटसाठी टेबल रिकामं ठेवलं होतं मी," म्हणाल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, जामिनाचंही.

"खिडकीवर कशाला विचारलंत? मला विचारायचं. तुम्ही रिक्षात घालून आणला असता ना, तरी केलं असतं मी."

त्या रागावल्या नव्हत्या. रागावले होते मी. खिडकीतल्या माणसावर, त्या सभेवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"आता?" मी विचारलं.

"पुढच्या गुरुवारी घेऊन या. पण त्या डोळ्याकडे आठवडा आहे की नाही, ते मी नाही सांगू शकत."

शुक्रवारी कागद भरले. शनिवारी संध्याकाळी तुरुंगाचं छोटं दार उघडलं आणि पाचजण बाहेर आले. लेस्टर शेवटी, भिंतीला हात लावत. मी अगदी समोर उभी होते, चार पावलांवर. मी हात वर करून हलवला.

तो थांबला. दारावरच्या शिपायाकडे वळून म्हणाला, "साहेब, माझी बायको आलीय का, जरा बघता?"