भटूची चौकशी

पिंप्राळ्यात हितेंद्रचं स्कूटरच्या सीट शिवायचं दुकान आहे. दुकान कसलं, एक मशीन, रेक्झिनचे गुंडाळे, फोमचे तुकडे आणि बाहेर एक बाकडं. पण संध्याकाळ झाली की त्या बाकड्यावर अख्ख्या जगाचा फुटबॉल चालायचा. बसणाऱ्यांपैकी एकानेही कधी मैदानात बसून खरा सामना पाहिला नव्हता, खेळणं तर लांबच. उंटावरून शेळ्या हाकायला म्हणे उंट लागतो. आमच्याकडे बाकडं पुरतं.

भटू हा बाकड्याचा कायमचा सभासद. एमआयडीसीतल्या चटई कंपनीत कामाला, शाळेपासून हितेंद्रचा दोस्त. तिशी मागे पडली तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. हल्ली मुलींच्या बापांना नोकरीही हवी असते आणि शेतीही. भटूची नोकरी बेताची, शेती भावकीत वाटून उरली तेवढी. मागे दोनेक ठिकाणी बोलणी होऊन फिसकटली होती. व्यसन म्हणाल तर माणूस सुपारीसुद्धा खात नाही. पण बायोडाटात हे कोण वाचतो?

त्या संध्याकाळी वाद पेटला, तो जगातला सगळ्यात मोलाचा फुटबॉलपटू कोण यावरून.

"मेस्सी," हितेंद्र मशीनवरून मान न उचलता म्हणाला. "विषय संपला."

"कसा संपला भो?" भटूने मोबाईल पुढे केला. "हा त्या कोवळ्या पोराचा, यमालचा भाव पाहा आणि हा मेस्सीचा पाहा. उद्या दोघांना विकायला काढलं तर कोणाचे जास्त येतील?"

"भाव वेगळा आणि मोल वेगळं. माणूस म्हणजे काय केळीचा घड आहे का, आज चढला, उद्या उतरला?"

"घडच आहे! केळी कितीही गोड असू दे, काळी पडली की व्यापारी हात लावत नाही." भटूला चेव चढला. "तुझा मेस्सी म्हणजे आता जुन्या लुनाची फाटकी सीट. आणि तू बसलाय तिला कव्हर शिवत."

बाकडं खदाखदा हसलं. चहा घेऊन आलेली हितेंद्रची बायको डिंपलसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. तेच त्याला लागलं. एवढ्याशा गोष्टीवरून माणसाने किती धुमसावं? हितेंद्र रात्रभर धुमसला आणि सकाळी दुकान उघडलं तेही धुमसतच.

दुपारी एक टोपीवाले नाना मोटरसायकलवरून आले. सीट दाखवली, फोम बसेल का विचारलं, आणि सावकाश बाकड्यावर टेकले. हितेंद्रने तेव्हाच ओळखलं.

आपल्याकडे सोयरिकीआधी चौकशी होते. चौकशीला आलेला माणूस थेट विषयाला हात घालत नाही. कुठे पंक्चर काढतो, कुठे पान खातो, आणि बोलता बोलता मुलाचं नाव काढतो. ज्याला विचारलं तोही तोंडावर वाईट सांगत नाही, कारण कोणाचं जमतं मोडणं म्हणजे पाप. म्हणून विचारणाऱ्याचे कान बोलण्यापेक्षा थांबण्याकडे असतात. 'पोरगा चांगला आहे' म्हणायला जरा उशीर झाला, की पाहुणा उठलाच समजा. हितेंद्रला हे पाठ होतं. मावसबहिणीच्या वेळी अशा चौकश्या त्यानेच केल्या होत्या.

"आठे भटू नावना पोऱ्या ऱ्हास ना?" नानांनी विचारलं. "कसा शे तो?"

"चांगला आहे," हितेंद्र म्हणाला आणि मशीन चालवत राहिला. "मॅचचं वेड फार. रात्र रात्र जागतो. परदेशातल्या पोरांचे भाव तोंडपाठ, घरात काय चाललंय ते आईला ठाऊक."

नाना हसले. त्यांना ते फारसं गैर वाटलं नसावं. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आनि खानंपिनं काही?"

नाही, एवढा एक शब्द पुरला असता. हितेंद्रने दोरा दाताने तोडला, कव्हर उलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "आजकाल कोणाचं काय सांगावं, नाना."

नानांनी पुढे काही विचारलं नाही. "बरं शे," म्हणाले आणि निघाले. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत हितेंद्र पाहत होता. धावत गेला असता तर गाठता आलं असतं. तो गेला नाही. मनाशी म्हणाला, मी खोटं तर काही बोललो नाही. खरंच, त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. त्यासारखा दुसरा पाजीपणा नाही.

काही दिवसांनी भटूच्या घरी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. या निरोपाचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. भटू संध्याकाळी बाकड्यावर आला, नेहमीच्या जागी बसला. कोणीतरी त्याला डिवचायला यमालचं नाव काढलं. "असेल कोणीही," तो म्हणाला आणि चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिला. हितेंद्रला सुईत दोरा ओवता येईना.

त्याचं जेवण तुटलं. चोराच्या मनात चांदणं, भटूने नुसतं वर पाहिलं तरी वाटायचं, याला कळलं. शेवटी त्याने डिंपलजवळ सगळं ओकून टाकलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्यापुढे काय रडताय? ज्यांना सांगायचं त्यांना जाऊन सांगा."

मुलगी नरडाण्याची होती, एवढं भटूकडूनच कळलं होतं. हितेंद्र सुरत लायनीच्या पॅसेंजरने गेला. विचारत विचारत घर सापडलं. ओट्यावर तेच टोपीवाले नाना. रुपचंद नाना, मुलीचे बाप स्वतः. हितेंद्र उभ्या उभ्याच बोलला. भटू दारूला शिवत नाही, सुपारी खात नाही, आईला एका शब्दाने दुखवत नाही. माझं त्याच्याशी भांडण झालं होतं, तेही कशावरून म्हणाल तर फुटबॉलवरून, आणि त्याचा राग मी तुमच्यासमोर काढला.

रुपचंद नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आते काय उपेग, भाऊ? आमनी पोर चारुलतानी सुपारी फुटी गयी. शिरपूरले दिधी."

हितेंद्र खाली बसला.

"गल्लीमा बठ्ठा म्हनेत, पोऱ्या सोनं शे," नाना म्हणाले. "आम्हले वाटनं, शेजारी शेतस, चांगलंच सांगतीन. म्हनिसन तुमनाकडे उनूत. तुमनं नाव कोन सांगं माहीत शे? भटूनीच. म्हने, हितेंद्रले इचारा, मनं बठ्ठं त्याले माहीत शे."

परतीच्या गाडीत त्याला खिडकी मिळाली होती, पण बाहेर काय होतं ते त्याला आठवत नाही. घरी न जाता तो थेट भटूकडे गेला. भटू कामावर निघायच्या तयारीत होता. भटूच्या आईने, लताबाईंनी, नेहमीसारखा हितेंद्रपुढे चहा ठेवला. "बैस भाऊ, असा कसा सुकी गयास?" त्या म्हणाल्या, आणि ते ऐकून त्याचं उरलंसुरलं अवसान गळालं. त्याने दोघांसमोर सांगितलं. नानांनी काय विचारलं, तो कुठे थांबला, का थांबला, सगळं. सांगताना तो रडला, आणि आपण रडतोय याचीही त्याला लाज वाटली.

लताबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"शिवी दे," हितेंद्र म्हणाला. "मार मला. काहीतरी कर, भटू."

भटूने शर्टाची बटणं लावली. एक चुकलं, ते काढून पुन्हा लावलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, राग असता तर हितेंद्रला बरं वाटलं असतं. डबा उचलून तो दारात थांबला.

"आईने पारोळ्याचं एक स्थळ पाहिलंय," तो म्हणाला. "तेही विचारतील, तुझा जवळचा कोण. आता कोणाचं नाव सांगू, तेवढं सांग."

हितेंद्रने डोकं खाजवलं, बाकड्यावरचे सगळे चेहरे आठवून पाहिले. भटूचं सगळं माहीत असलेला त्यात एकही नव्हता.